पेंटॅक्स पॅपिलिओ टू ६.५×२१: दोरीपलीकडचं चित्र बघण्यासाठीची दुर्बीण

प्रवासासाठी दुर्बीण घ्यायची म्हटलं की बहुतेकांची नजर १०×२५ च्या घडीच्या दुर्बिणीवर जाते (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलीमीटरमध्ये). आकडा मोठा, आकार लहान, सौदा बरा वाटतो. पण लेणी, देवळं, चर्च आणि संग्रहालयं बघणाऱ्याची अडचण निराळी असते. त्याला बघायचं ते चित्र बऱ्याचदा दूर नसतंच. ते दोरीच्या किंवा काचेच्या पलीकडे दीड-दोन मीटरवर असतं, आणि तेवढ्या जवळचं बहुतेक दुर्बिणींना दाखवता येत नाही. पॅपिलिओ टू अर्ध्या मीटरइतक्या जवळच्या वस्तूवरही फोकस होते. तिच्यातल्या बाकी सगळ्या उणिवा या एका गोष्टीसमोर ठेवून तोलायच्या.

साध्या दुर्बिणीत दोन्ही नळ्या समांतर असतात. वस्तू फार जवळ आली की प्रत्येक नळी तिची वेगळी बाजू पाहते, दोन गोल एकमेकांवर बसत नाहीत आणि डोळे तिरळे करून बघावं लागतं. पॅपिलिओत पुढच्या दोन भिंगांसमोर एकच सपाट काच असते. फोकसचं चाक जवळच्या अंतराकडे फिरवलं की आतली भिंगं पुढे सरकता सरकता एकमेकांच्या जवळही येतात. त्यामुळे अर्ध्या मीटरवरही एकच गोल, एकच चित्र दिसतं. डोळ्यावर ताण नाही.

हिशोब सोपा आहे, अंतराला ६.५ ने भागायचं. दोन मीटरवरचं लघुचित्र साधारण ३० सेंटीमीटरवर धरल्यासारखं दिसतं. कुंचल्याची दिशा, सोन्याच्या वर्खाची कड, नंतर केलेली डागडुजी सगळं समजतं. काचेच्या पेटीतल्या नाण्यावरची अक्षरं वाचता येतात. उठावाच्या शिल्पात मात्र एक गोष्ट सांभाळायची. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा थर अगदी पातळ असतो. मूर्तीचं नाक स्पष्ट असेल तेव्हा कान धूसर असतो, म्हणून चाकावर बोट ठेवूनच बघायचं. पेटीच्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब येत असेल तर दुर्बीण न हलवता आपणच एक पाऊल बाजूला सरकायचं. आणि ती काचेला टेकवायची नाही, पहारेकरी बरोबर ओरडतो.

आता उजेड. २१ मिलीमीटरच्या भिंगाला ६.५ ने भागलं की ३.२ मिलीमीटर येतात. डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा झोत एवढ्याच जाडीचा असतो. दिवसा हे पुरतं. मंद उजेडात बाहुली ५ मिलीमीटरपर्यंत उघडली, तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या जेमतेम ४० टक्केच उजेड चित्राला उरतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर, किंवा कागद-कापड जपण्यासाठी ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवणाऱ्या दालनात हा फरक जाणवतो. उन्हातून आत आल्यावर डोळे सरावू द्या, दहा मिनिटांनी दुर्बीण लावा. १०×२५ च्या दुर्बिणीत तोच झोत २.५ मिलीमीटरचा, म्हणजे उजेड २५ टक्के, वर हाताचा थरथराट दहापट. याच कारणाने पॅपिलिओचाच ८.५×२१ हा भाऊही अंधाऱ्या जागांसाठी घेऊ नये. फुलपाखरांपुरतीच हवी असेल तर तो चालेल.

उंचावरच्या कामासाठी ६.५ पट कधी पुरते, कधी नाही. सिस्टाइन चॅपेलचं छत सुमारे २० मीटर उंच आहे, ते तीन मीटरवर आल्यासारखं वाटतं आणि आकृत्या सुखाने बघता येतात. रोममधला ट्राजनचा स्तंभ वेगळा. इ.स. ११३ मधला हा स्तंभ सुमारे ३० मीटर उंच आहे. वरची शिल्पपट्टी निदान ४५ अंशांतून बघायला तेवढंच मागे जावं लागतं, मग तिरकं अंतर ४० मीटरच्या पुढे जातं. इथे ८×३२ ची, साधारण अर्ध्या किलोची दुर्बीण उजवी. उंच शिखरं आणि गोपुरांनाही हेच लागू.

निसर्गात फुलपाखरं, चतुर, दगडफूल, पाऊलवाटेबाहेर न जाता बघायची फुलं यांसाठी हिच्या तोडीचं फार थोडं आहे. पक्ष्यांसाठी ती दुय्यमच. जवळून लांब जाताना चाक बरंच फिरवावं लागतं, आणि तोवर पक्षी उडालेला असतो. पहाटे-संध्याकाळी प्राणी निघतात तेव्हा उजेड अपुरा पडतो. दिसणारा गोलही काहीसा अरुंद वाटतो, हजार मीटरवर सुमारे १३१ मीटरचा पट्टा मिळतो.

वजन २९० ग्रॅम, गळ्यात दिवसभर जड होत नाही. पण ती घडी होत नाही, शर्टाच्या खिशात विसरा. खाली ट्रायपॉडचा आटा दिलाय. संग्रहालयात ट्रायपॉड सहसा नेऊ देत नाहीत, त्यामुळे तो बागेत फुलांपुढेच कामाचा. छत बघताना बाकावर बसा किंवा पाठ भिंतीला लावा आणि कोपरं छातीशी घट्ट धरा. अर्धा थरथराट तिथेच जातो.

चष्मेवाल्यांसाठी डोळा आणि भिंग यांतलं अंतर १५ मिलीमीटर आहे. बेताच्या चष्म्याला पुरतं, जाड फ्रेम असेल तर गोलाच्या कडा कापल्या जातात. डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवून ठेवायचे. नुसता लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो, सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवावाच लागतो.

पहिल्या वापराआधी जुळणी करा. आधी दोन्ही आयपीस (डोळ्याकडची भिंगं) जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत आणा. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाच-सहा मीटरवरची अक्षरं स्पष्ट करा. मग डावा झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या आयपीसवरचं डायॉप्टरचं कडं (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारं) तीच अक्षरं स्पष्ट होईपर्यंत फिरवा. हे न करता वापरली की डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला लागतो.

सर्वांत मोठी उणीव पाण्याची. ही जलरोधक नाही, आतून बाष्प धरू नये म्हणून भरतात तो नायट्रोजनही हिच्यात नाही. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून दमट जंगलात थेट बाहेर काढली की काचांवर बाष्प धरतं, आणि आत गेलेला ओलावा टिकला तर बुरशी येते. अर्धा तास बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, घरी सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. पुढच्या सपाट काचेवर बोटांचे ठसे चटकन उमटतात आणि समोरून ऊन आलं की ते पांढुरक्या झाकोळासारखे दिसतात. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग ब्रश, शेवटी मायक्रोफायबरचं कापड. थेट कापड घासलं तर धुळीचे कण काचेवरच्या लेपावर ओरखडे काढतात.

घेताना दोन चाचण्या जागेवरच करा. छापील मजकूर अर्ध्या मीटरवर ठेवून वाचा, मग दूरच्या खांबाची टोकदार कड बघा. दोन्हीकडे प्रतिमा एकच दिसली पाहिजे. एकीकडे जरी दुहेरी दिसली किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले तर तो नग घेऊ नका. सरकत्या भिंगांची रचना असल्यामुळे जोराने आपटलेल्या नगाची जुळणी बिघडलेली असू शकते. जुना नग घेताना तर ही तपासणी टाळूच नये, आणि फोकसचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे अडकतं का तेही बघावं.