बोअरच्या खाऱ्या पाण्यावर गिझर: चौदा महिन्यांचा अनुभव

आमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात. नळाला वान धरणाचं गोड पाणी येतं, पण ते रोज येत नाही, म्हणून प्यायला आणि स्वयंपाकालाच राखून ठेवतो. आंघोळीला बोअरचं पाणी, ते जिभेवर ठेवलं तर खारट लागतं. या पाण्यावर १५ लिटरचा, २००० वॅटचा टाकीवाला गिझर चौदा महिने वापरला. आधी आमच्याकडे बंब होता आणि पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, जळण होतं. आईच्या डोळ्यांना धूर सोसेना म्हणून हा घेतला.

पहिली तक्रार घरातून आली, पाणी लवकर तापत नाही. दुकानदारानं वीस-पंचवीस मिनिटं सांगितली होती, आम्हाला पाऊण तास लागायचा. मी कॉइलवर संशय घेतला. वायरमननं पहाटे साडेपाचला मीटर लावला तेव्हा व्होल्टेज १७० निघालं. आमचं घर डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटचं, आणि त्या वेळी गावभर हीटर चालू असतात. व्होल्टेज २३० वरून १७० वर आलं की गिझरची ताकद जवळपास निम्मी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. आता साडेचारलाच बटण दाबतो. यात मशीनचा दोष नव्हता.

दुसरी गोष्ट मात्र मी अजून विसरलेलो नाही. फेब्रुवारीचा शेवट होता, सकाळी हिव होतंच. टाकीतून आठ-दहा दिवस खदखद आवाज यायचा, पण पाणी गरम मिळत होतं म्हणून मी लक्ष दिलं नाही. एका सकाळी आई न्हाणीतून ओरडली, "नळाले हात लावला त हाताले मुंग्या आल्या रे बाप्पा!" मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, तसाच वर होता. मला वाटायचं, शॉक बसला की तो पडणारच. तसं नसतं. तारेतून प्रमाणाबाहेर करंट गेला तरच एमसीबी पडतो, पाण्यावाटे अंगात उतरणारी थोडीशी गळती त्याला कळत नाही. ती ओळखायला आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपियरचा. तो आमच्याकडे नव्हता.

मिस्त्रीनं टाकी खोलली. कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा थर, खाली तळाशी चुनखडीसारखा चुरा. थराखाली कॉइलची उष्णता बाहेर पडेना, ती नको तेवढी तापली आणि तिच्यावरच्या धातूच्या नळीला चीर गेली. खदखद आवाज त्या थराखाली उकळणाऱ्या पाण्याचा होता. शेजारचा मॅग्नेशियमचा रॉड पेन्सिलीएवढा उरला होता. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, आणि खाऱ्या पाण्यात फार लवकर झिजतो. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हे मशीन खराब नाही, तुमच्या पाण्यानं खाल्लं याले."

पण कॉइलला चीर गेली तरी अर्थिंग चांगलं असतं तर करंट जमिनीत गेला असता. आमच्या अर्थिंगचा खड्डा वाड्याच्या कोपऱ्यात, काळ्या मातीत. पाऊस गेला की ही माती आकसते, भेगा पडतात आणि सळईला चिकटून राहत नाही. वर सळईची पट्टीही खारानं खाल्लेली. नवी सळई ठोकली, जोड नवा केला, आता खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. आरसीसीबी त्याच दिवशी बसवला. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघतो.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी कॉइल आणि रॉड काढून बघतो, रॉड झिजला की नवा टाकतो. तापमान ५० ते ५५ च्या वर नेत नाही, जास्त तापवलं की क्षार जास्त बसतात. थर लगेच ओळखू येतो, आवाज सुरू होतो.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. सॉकेट एकदा काळं पडलं, प्लग सैल होता. १६ अँपियरचं घट्ट सॉकेट बसवल्यावर पुन्हा तसं झालं नाही. सेफ्टी वॉल्व्हमधून तापताना थेंब गळतात, ते बरोबरच आहे, पाणी तापून फुगतं आणि जास्तीचं तिथून बाहेर पडतं. एका घरी गळती थांबवायला त्या तोंडाला बूच मारलेलं पाहिलं आणि उभ्या उभ्या काढायला लावलं. थर्मोस्टॅट बिघडला तर कोंडलेल्या दाबानं टाकी फुटू शकते. धार लागली किंवा बंद गिझरमधूनही गळत राहिलं, तर मात्र वॉल्व्ह दाखवावा.

उन्हाळ्यात गिझर बंद ठेवून टाकी रिकामी केली. दिवाळीच्या वेळी पुन्हा भरली तेव्हा गरम नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत बटणाला हात लावला नाही, कारण कोरडी कॉइल लगेच जळते.

आई अजून रबरी चप्पल घालूनच नळ सोडते. मी तिला तसंच करू देतो.