अथणीची कोल्हापुरी: आठ महिने, तीन राजवाडे आणि एक बोट

दिवाळीआधी अथणीत कारागिराकडूनच घेतली. अठराशे रुपये. जाड तळ, दोन्ही बाजूंना कान, वर वेणी. नाव कोल्हापुरी असलं तरी २०१९ च्या भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे, हे त्यानं न विचारता सांगितलं. पहिले पंधरा दिवस सणसणीत चावली. एरंडेल चोळून रात्रभर ठेवली, मग गप्प झाली.

खरा कस लागला जानेवारीत. शाळेतले आम्ही चौघे केरळला गेलो. कोल्लमहून अलप्पुळापर्यंत हाउसबोटीवर तीन रात्री, पुढे कोची. बाकी तिघांच्या पायात लेसचे बूट. तिथल्या राजवाड्यांची आता संग्रहालयं झालीत आणि दाराशी पायताण काढावं लागतं. मी दोन सेकंदांत आत, हे तिघं पायरीवर वाकलेले. "थांब की रे जरा!" हे वाक्य सहलभर ऐकलं.

कायमकुळमजवळच्या कृष्णपुरम राजवाड्यासाठी अर्धा दिवस बोट थांबवली, ते सार्थकी लागलं. तिथलं गजेंद्रमोक्षाचं भित्तिचित्र भलं मोठं आहे. राजा तळ्यात अंघोळ करून वर आला की समोर विष्णू दिसावा, अशा जागी ते काढलंय. दोन्हीकडून धार असलेली कायमकुळमची तलवारही तिथंच. आमच्यातला एक जण म्हणाला, "ही धरायची कशी?" उत्तर कुणाकडेच नव्हतं.

कोचीतल्या मट्टनचेरी राजवाड्याशी मात्र आम्ही शुक्रवारी पोचलो. शुक्रवारी बंद. चूक आमचीच, त्रिपुणितुराचा हिल पॅलेस सोमवारी बंद असतो एवढंच पाठ करून गेलो होतो. शनिवारी परत आलो. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिलेला हा वाडा, डचांनी दुरुस्त केला म्हणून 'डच पॅलेस'. राजाच्या शेजघरात भिंतभर रामायण आहे. पण मी बराच वेळ खालीच बघत होतो. काळी, गुळगुळीत जमीन. संगमरवर वाटतो, पण आहे जळक्या करवंट्यांचा कोळसा, चुना, झाडांचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक. अनवाणी पायाला ती गार लागते, हे बूटवाल्यांना मोज्यातून कळलं नाही.

आता तक्रार. पाणी. बोट संध्याकाळी काठाला बांधतात, रात्री कोळ्यांची जाळी असतात म्हणून. पहाटे डेकवर दव साचलेलं आणि चप्पल तिथंच विसरलेली. तळ फुगला, पायाला तपकिरी रंग लागला, वास तर विचारू नका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं उन्हात टाकलं तर तडकतं, म्हणून सावलीत दोन दिवस वाळवली. तेवढ्यात नावाड्यानं सांगितलं, त्यांच्या केट्टुवळ्ळमच्या, म्हणजे या बोटीच्याच, फळ्या काथ्यानं शिवतात, खिळा नाही. माझ्या चपलेतही खिळा नाही, सगळी कातडी वादी. त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि हसला.

मार्चमध्ये डाव्या टाचेची वादी सुटली, निपाणीत साठ रुपयांत शिवून घेतली. अंगठा अजून घट्ट आहे. करकर तीन महिन्यांत गेली, त्याचं मला थोडं वाईट वाटलं.

संग्रहालयं, देवळं, लग्नं यांना उत्तम. बोटीवर राहणार असाल तर सोबत एक रबरी जोड न्या. खानापूरकडच्या पावसात तर घालूच नका. माझी जूनपासून तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे.