लातूरहून मलपे आणि म्हैसूर : एका कौटुंबिक सहलसेवेचे परीक्षण

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही घरचे पाच जण, म्हणजे आई, आम्ही दोघे आणि दोन मुले, लातूरच्या एका सहल संस्थेबरोबर उडुपीचा किनारा आणि म्हैसूरची रोषणाई अशा आठ दिवसांच्या सहलीला गेलो होतो. मोठ्यांसाठी माणशी 17,500 रुपये आकारण्यात आले. टेम्पो ट्रॅव्हलर, मुक्काम, दोन्ही वेळचे जेवण आणि सोबतचा आचारी हे सारे त्यातच होते. किनाऱ्यासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवीन, म्हैसूरसाठी मात्र नाही, आणि त्याचे कारण पैसा नसून वेळेचा हिशेब आहे.

सोलापूर, विजयपूर, हुबळी असा पहिल्या दिवसाचा प्रवास चालकाने कोठेही घाई न करता पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी यल्लापूरनंतरचा अरबैल घाट उतरताना दोन्ही बाजूंच्या गर्द झाडीकडे पाहून धाकट्याने, "आजी, इथं ऊनच पडत नाही का?" असे विचारले, आणि आमच्या भागातले उघडे माळ पाहून वाढलेल्या मुलाने हे विचारावे यात नवल नाही. मरवंते येथे महामार्गाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी आहे. तेथे कार्यक्रमात नसलेला अर्धा तास चालकाने आपणहून दिला.

सहलीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मलपे बंदरातून होडीने गाठायचे सेंट मेरी बेट. येथील दगड खांबांसारखे, बहुतेक षट्कोनी आकारात उभे आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा खोल उतरत जाऊन असे खांब सुटे होतात. सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून अलग होत असतानाच्या ज्वालामुखीचा हा अवशेष असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. ज्या काळ्या पाषाणात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, तो आपला दख्खनचा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या राखी दगडाहून बराच धाकटा. थोरलीने एका खांबाच्या माथ्यावर हात ठेवून बोटाने कडा मोजल्या. पहिल्याच्या सहा भरल्या आणि शेजारच्याच्या पाच, तेव्हा भूगोलाच्या पुस्तकातल्या चित्रावर तिचा थोडा राग झाला.

कोडी बेंगरे येथील खारफुटीतून छोट्या होडीतून फिरण्याची वेळ संस्थेने भरतीचे वेळापत्रक पाहून ठरवली होती, आणि ही बाब मला विशेष नोंदवावीशी वाटते. ओहोटीला तेथे चिखल उघडा पडतो आणि होडी रुतते. भरतीला मात्र फांद्यांच्या खालून अलगद जाता येते. चिखलात हवा नसल्यामुळे या झाडांची श्वासमुळे बोटांसारखी वर आलेली असतात, आणि पाणी चढू लागले की ती एकेक करून दिसेनाशी होतात. आईने ते होडीच्या काठावर हात टेकून शेवटपर्यंत पाहिले.

जेवणाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. हुबळीच्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली, तेव्हा आईला घरी जेवल्यासारखे वाटले. उडुपीत पोहोचल्यावरही आचाऱ्याने रोज वरण-भात आणि बटाट्याचीच भाजी करावी, याला मात्र अर्थ नव्हता. मंगळुरी बन्स, म्हणजे केळे घालून तळलेल्या गोडसर पुऱ्या, आम्ही स्वतःच्या पैशाने, जवळजवळ लपूनच खाल्ले.

म्हैसूरला सगळे बिनसले. सुमारे 97,000 दिव्यांनी उजळणारा राजवाडा एरवी रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी थोडाच वेळ दिसतो, दसऱ्यात मात्र रोज रात्री. जुना लाकडी वाडा 1897 मध्ये जळाल्यानंतर हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार 1912 पर्यंत आजची वास्तू उभी राहिली. दिवे लागण्यापूर्वी ती संध्याकाळच्या आभाळात करड्या रंगाची, थोडी थकल्यासारखी वाटते, आणि मग एका क्षणात घुमटांपासून कमानींपर्यंतच्या सर्व रेषा पिवळ्या उजेडात उमटतात. पुढच्या माणसाच्या खांद्यावरून आम्हांला हे सगळे जेमतेम दहा मिनिटे दिसले, कारण वाहतूक कोंडीचा अंदाज न घेता संस्थेने आम्हांला उशिरा आणले होते आणि आठ वाजता गाडीत बसण्याची सक्ती होती. मुक्काम शहरापासून चाळीस मिनिटांवर ठेवलेला. त्यामुळे सय्याजीराव रस्त्यावरची आणि चौकाचौकांतली रोषणाई, जी खरे तर पायी आणि रेंगाळतच पाहायची असते, ती आम्ही गाडीच्या काचेतून मागे जाताना पाहिली. कर्नाटक राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या उघड्या छताच्या 'अंबारी' बसची चौकशी केली, तर तेवढा वेळ कार्यक्रमात नाही, असे उत्तर मिळाले.

भरती-ओहोटीचा इतका काटेकोर विचार करणाऱ्यांना दसऱ्याच्या गर्दीचा अंदाज येऊ नये, हे मला अजून उमगलेले नाही. विजयादशमीची हत्तींची मिरवणूक आणि ती जेथे संपते त्या बन्नीमंटपाकडचा सोहळा यांच्या आदल्या दिवशीच आम्ही परतीला लागलो. बन्नी म्हणजे शमी. तिचे दर्शन हुकल्याची हळहळ आईने घरी आल्यावर आपट्याची पाने वाटताना दोनदा बोलून दाखवली.

ज्यांना जायचे आहे त्यांनी किनाऱ्यापर्यंत या प्रकारच्या सहलीने जाऊन म्हैसूरचे दोन मुक्काम शहराच्या मध्यभागी स्वतः आरक्षित करावेत, आणि ते काही महिने आधी. संस्थेच्या कार्यालयात मी हे सारे लेखी दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा दिला आणि पुढील वर्षी बदल करू असे सांगितले. नंतर नवे पत्रक आले, त्यात आचाऱ्याचे नाव बदलले आहे, आणि सहाव्या दिवसापुढची ओळ जशीच्या तशी आहे : "म्हैसूर रोषणाई दर्शन, सायंकाळी 7 ते 8."