फाइलटाइप्समॅन: कोऱ्या कागदांना ओळख देणारं छोटं सॉफ्टवेअर

आमचं डीटीपीचं दुकान. लग्नसराईत एकेका फोल्डरमध्ये ‘पाटील फायनल’ नावाच्या तीन-तीन फाइली असतात: कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सीडीआर, प्रूफची पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायची जेपीजी. विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागची प्रकार सांगणारी अक्षरं, लपवून ठेवतं आणि आम्हीही ते कधी उघडं केलं नाही. नजर आयकॉनवरच जाते, हात त्यामागून.

मार्चमध्ये दुकानातल्या पोरानं सी ड्राइव्हवर जागा करायची म्हणून कोरलच्या जुन्या व्हर्जनचं फोल्डरच शिफ्ट-डिलीट केलं. कंट्रोल पॅनेलमधून काढायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या सीडीआर पांढऱ्याफटक, कोरा कागद नुसता. फाइली उघडत होत्या, पण ओळखू येत नव्हत्या.

एक्सपीत फोल्डर ऑप्शन्समध्ये फाइल टाइप्स नावाचा टॅब होता, तिथून आयकॉन बदलता यायचा. व्हिस्टापासून तो गेला. आता फोल्डरचा आयकॉन बदलता येतो, शॉर्टकटचा येतो, अख्ख्या फाइल प्रकाराचा नाही. ती सोय निरसॉफ्टच्या फाइलटाइप्समॅनमध्ये आहे. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप सोडवा आणि चालवा. 64 बिट विंडोजसाठी वेगळी झिप आहे, तीच घ्या.

उघडल्यावर वरच्या भागात मशीनवरच्या सगळ्या एक्स्टेन्शनची यादी येते. लांबलचक आहे, दिसायलाही रुक्ष. सीडीआरच्या ओळीवर एफ2 दाबलं की खिडकी उघडते, त्यात आयकॉनचा पत्ता असतो. आमच्याकडे तो त्या उडवलेल्या फोल्डरचाच निघाला! म्हणजे विंडोज रोज त्या दारात जाऊन रिकाम्या हातानं परत येत होतं. पत्त्याच्या शेवटी स्वल्पविराम आणि आकडा असतो, तो त्या फाइलीतला कितवा आयकॉन ते सांगतो. शून्य म्हणजे पहिला. उणे आकडा असेल तर तो क्रम नसतो, त्या आयकॉनचा ठरलेला नंबर असतो. साध्या टेक्स्ट फाइलचा आयकॉन इमेजरेस डीएलएल या विंडोजच्याच आयकॉनच्या फाइलीतल्या उणे 102 नंबरचा आहे. हे कळलं तेव्हा उगाच अर्धा तास एकेक ओळ उघडून बघत बसलो, गिऱ्हाईक उभं असताना.

नवा पत्ता दिला, ओके केलं, तरी कागद कोराच. इथे बरेच जण सॉफ्टवेअरला शिव्या घालतील. दोष त्याचा नाही, विंडोज जुने आयकॉन साठवून ठेवतं आणि तेच दाखवतं. रनमध्ये ‘आयई4यूइनिट’ लिहून, जागा सोडून ‘-शो’ (इंग्रजीतच टाइप करायचं) दिल्यावर विंडोज 10 वर कोरलच्या आयकॉनमधले फुगे परत आले.

पीडीएफचं मात्र इथून होईलच असं धरू नका. विंडोज 8 पासून कुठली फाइल कशात उघडायची ही निवड हॅश, म्हणजे पडताळणीचं एक प्रकारचं सील, लावून ठेवलेली असते, ती सेटिंग्जमधल्या डिफॉल्ट अ‍ॅप्समधूनच बदलावी. निवडलेल्या प्रोग्रॅमबरोबर त्याचा आयकॉन येतो.

आणि जपून. इथला बदल थेट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, जातो, आधी ती एक्स्पोर्ट करून ठेवा.

जाता जाता पेजमेकरच्या जुन्या पीएमडी फाइलींनाही मी लाल आयकॉन लावून टाकला. पोरानं विचारलं, लाल का? म्हटलं, तुझ्यासाठीच.