जुना डीव्हीआर, त्याचं प्लगिन आणि एजचा आयई मोड: एका आंबा हंगामाचा अनुभव

देवगडच्या बाजूला आमची हापूसची कलमं आहेत आणि त्यांच्याच खालच्या अंगाला पॅकिंगची शेड. शेडमध्ये आणि गडग्याच्या कोपऱ्यांवर कॅमेरे आहेत, सगळे एकाच जुन्या डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या यंत्राला, जोडलेले. हा डीव्हीआर कॉम्प्युटरवर बघायचा तर त्याचं स्वतःचं ॲक्टिव्हएक्स प्लगिन, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं. क्रोममध्ये पत्ता टाकला तर लॉगिन होतं, पण चित्राच्या जागी काळा चौकोन आणि वर ‘प्लगिन इन्स्टॉल करा’ एवढंच दिसतं. आमच्याकडच्या होमस्टेंमध्ये, काजूच्या युनिटमध्ये, बर्फाच्या फॅक्टरीत असलीच यंत्रं अजून चालू आहेत. म्हणून मोहोर धरल्यापासून पावसाआधी शेवटची पेटी गाडीत चढेपर्यंत हे प्रकरण मायक्रोसॉफ्ट एजच्या आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडमध्ये कसं चालवलं, ते लिहितोय.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगिनं बंद केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीची. फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून अडोबीने त्यातला मजकूर चालणंच थांबवलं. मायक्रोसॉफ्टचं तसलंच प्लगिन सिल्व्हरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये गेलं. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या एज अपडेटने विंडोज १० वरही तो उघडेनासा झाला. मागे उरला तो एजमधला आयई मोड. आत इंजिन तेच जुनं, पाटी नवी. किमान २०२९ पर्यंत तो ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय.

‘चलता हा तेका कित्याक हात लावतंस?’ हा आमच्या काकांचा प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही. डीव्हीआर चालतोय, चित्र दिसतंय, मग बिघडलं कुठे?

बिघाड डीव्हीआरच्या पानावर नसतोच. ॲक्टिव्हएक्स एकदा इन्स्टॉल केलं की ते त्या पानापुरतं राहत नाही, विंडोजमध्ये नोंदलं जातं. सेटिंग ढिली असतील तर आयई मोडमध्ये उघडलेलं दुसरं कुठलंही पान त्याला हाक मारू शकतं. आणि ते चालतं तुमच्या अधिकारात: तुमच्या फाइली जिथे तुम्ही वाचू शकता, तिथे तेही वाचतं. आजच्या ब्राउझरमध्ये वेबपानाभोवती जी भिंत असते, ती याच्याभोवती नाही. जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या हेरगिरीची सॉफ्टवेअर विकणाऱ्या इटालियन कंपनीचाच डेटा फुटला, त्यात फ्लॅशच्या सुरक्षेतली, कुणाला माहीत नसलेली भोकं निघाली आणि काही दिवसांत ती गुन्हेगारांच्या तयार किटमध्ये जाऊन बसली. तेव्हा निदान अडोबी होती, तिने घाईघाईने दुरुस्ती काढली. आमच्या डीव्हीआरच्या प्लगिनला वाली कोण? कंपनीच्या साइटवर आता त्या मॉडेलचं नावसुद्धा नाही. भोक सापडलं तर ते तसंच राहणार.

आता सेटिंगचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. कॅमेरे लावायला येणारा माणूस सहसा काय करतो? इंटरनेट ऑप्शन्स उघडतो, सिक्युरिटीमध्ये कस्टम लेव्हलला जातो आणि सही नसलेली ॲक्टिव्हएक्स डाउनलोड करू देणं, सुरक्षित अशी खूण नसलेली ॲक्टिव्हएक्स चालू देणं, अशा सगळ्या ओळींवर ‘एनेबल’ मारत खाली येतो. बऱ्याच डीव्हीआरच्या पुस्तिकांमध्येही हेच छापलेलं असतं. चित्र दिसतं, चहा होतो, माणूस पुढच्या कामाला जातो. पण हे बदल त्याने ‘इंटरनेट’ नावाच्या झोनमध्ये केलेले असतात. म्हणजे परवानगी डीव्हीआरला नाही, अख्ख्या जगाला दिली.

त्याच खिडकीत ‘ट्रस्टेड साइट्स’ असा वेगळा झोन आहे. तिथे फक्त डीव्हीआरचा पत्ता घालायचा, तो घरातलाच १९२.१६८ ने सुरू होणारा. घालताना एचटीटीपीएस सक्तीची खूण काढावी लागते, नाहीतर तो पत्ता घेत नाही. मग जी काही ढिलाई द्यायची ती त्या झोनपुरती द्यायची, आणि इंटरनेट झोनवर ‘रीसेट’ दाबून तो मूळ जागी आणायचा. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे. शेजारच्या दोन होमस्टेवाल्यांकडे करून दिलं, दोघांकडेही इंटरनेट झोन सताड उघडा होता आणि त्याच कॉम्प्युटरवर पाहुण्यांचं बुकिंग, बँक, जीएसटी सगळं चालू.

दुसरी गोष्ट: विंडोजवर ‘कॅमेरा’ नावाचं वेगळं साधं खातं काढलं, ॲडमिन नसलेलं. प्लगिन ॲडमिनकडून एकदा इन्स्टॉल करायचं आणि नंतर रोजचं बघणं या खात्यातून. त्या खात्यात मेल नाही, बँक नाही, डिजिटल सिग्नेचरचं टोकन तिथे लावायचं नाही. एक अडचण लगेच आली. प्लगिन फोटो आणि क्लिप थेट सी ड्राइव्हवर टाकायला बघतं, साध्या खात्याला तिथे हक्क नाही, मग फाइल निमूट गायब होते. एररसुद्धा दाखवत नाही. डीव्हीआरच्या पानावर ‘लोकल कॉन्फिग’मध्ये जागा बदलून डॉक्युमेंट्स दिल्यावर सुरळीत झालं. ‘ॲडमिन म्हणून चालवा’ हा सल्ला यावर सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका.

रोजच्या वापरात आयई मोड कसा वाटला? लाइव्ह चित्र ठीक. प्लेबॅक रडतखडत, तारीख बदलली की कधी कधी टॅब बंद करून पुन्हा उघडावा लागतो. रात्रीचं रेकॉर्डिंग तपासताना गडग्यावरच्या कॅमेऱ्यात सगळं पांढरंफटक दिसायचं, प्लगिनवर संशय घेऊन झाला. निघालं कोळ्याचं जाळं, इन्फ्रारेडच्या उजेडात चमकणारं. उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी येतो. आता राखणीला असलेला नेपाळी बहादूर काठीला फडकं बांधून आठवड्याला पुसतो. याला कुठलंही अपडेट नाही.

एजच्या सेटिंग्जमध्ये आयई मोडसाठीची यादी असते; त्या यादीत घातलेलं पान आयई मोडमध्ये ३० दिवसच उघडतं, मग पुन्हा घालावं लागतं. पुष्कळांना याचा वैताग येतो. मला ते बरं वाटलं. दर महिन्याला यंत्र विचारतं, अजून लागतंय का हे? ऑक्टोबर २०२५ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने आयई मोडचं टूलबारवरचं बटण आणि मेनूतली वाटच साध्या वापरणाऱ्यांसाठी काढून टाकली, कारण ऑगस्टमध्ये काही जण लोकांना बनावट पानावर नेऊन ‘हे आयई मोडमध्ये उघडा’ असं सांगत होते आणि जुन्या जावास्क्रिप्ट इंजिनातल्या भोकातून मशीनमध्ये शिरत होते. आता सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक पत्ता हाताने घालावा लागतो. म्हणजे ‘जुनं इंजिन नुसतं पडून आहे, त्याने काय होतंय’ हे म्हणणंही टिकत नाही.

प्लगिनची सेटअप फाइल हरवली तर नेटवर शोधू नका, हे वेगळं सांगतो. ‘तुमचा प्लेयर जुना झालाय, अपडेट करा’ ही वर्षानुवर्षांची ठगी आहे. ऑक्टोबर २०१७ चं बॅड रॅबिट हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं, फ्लॅशच्या खोट्या अपडेटमधूनच पसरलं होतं. फाइल बहुधा डीव्हीआरच्याच पानावरून उतरते. तीच पेन ड्राइव्हवर जपून ठेवा.

कणकवलीच्या एका दुकानात सल्ला मिळाला की विंडोज ७ चं जुनं मशीन घ्या, त्यात खरा इंटरनेट एक्सप्लोरर आहे, कटकट नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. असं मशीन एकाच अटीवर चालेल: त्याला इंटरनेट अजिबात नको, डीव्हीआरपासून थेट केबल, बस. नुसतं बघायचंच असेल तर त्याहून सोपी वाट म्हणजे शेडमध्ये डीव्हीआरला टीव्ही आणि माउस लावणं. किंवा व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर: बऱ्याच डीव्हीआरमधून आरटीएसपी या थेट चित्र पाठवण्याच्या पद्धतीने, ५५४ पोर्टवर, चित्र मिळतं, प्लगिनची गरज नाही. त्यात प्लेबॅक नाही आणि पासवर्ड पत्त्यात उघडा लिहिला जातो, एवढं ध्यानात ठेवा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मुंबईतल्या भावाशी. चाकरमानी माणूस, विरारहून कलमं बघायची हौस. त्याच्यासाठी राउटरवर डीव्हीआरचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून ठेवलं होतं, पासवर्ड कारखान्यातलाच. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, असलेच डीव्हीआर आणि कॅमेरे, असलेच पासवर्ड वापरून, गोळा केले होते आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला होऊन मोठमोठ्या साइट अडल्या होत्या. पोर्ट बंद केलं, पासवर्ड बदलला. भाऊ अजून कुरकुरतो. त्याला बहादूर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, त्यात निम्मे वानरांचे असतात.

माझं मत विचाराल तर आयई मोड तात्पुरता पूल म्हणून चांगला आहे, पण बँकेचा व्यवहार जिथे होतो त्या खात्यात तो नको. गणपतीनंतर नवा रेकॉर्डर घेतोय. दुकानदाराला मेगापिक्सेल नंतर विचारणार. आधी त्याच्यासमोर क्रोममध्ये, काहीही इन्स्टॉल न करता, लाइव्ह आणि प्लेबॅक दोन्ही चालवून बघणार; मग कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातलं सॉफ्टवेअर, कुठल्या तारखेचं आहे ते; आणि ऑनविफ, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळवणारं मानक, आहे का, म्हणजे चांगले चालणारे आयपी कॅमेरे पुढे दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवरही लावता येतील. जुन्याची हार्ड डिस्क नव्यात घातली तर ती बहुधा फॉरमॅट मागते, तेव्हा हवं ते रेकॉर्डिंग जुन्या मशीनवरूनच आधी काढून ठेवा.