वाचनालयाची निवडणूक: मोबाईलवर की मतपत्रिकेवर?

निवडणूक जवळ आली की कार्यकारिणीच्या बैठकीत एखादा तरुण सभासद म्हणतोच, "यंदा ॲपवर घेऊया ना." लगेच कोपऱ्यातून उत्तर येतं, "मतपेटीला काय धाड भरलीय?" या दोन्ही बाजूंनी मी कधी ना कधी भांडलोय. आमच्या सार्वजनिक वाचनालयात निवडणूक अधिकारी म्हणून तीनदा बसलो: २०१९ ला कागद, २०२२ ला ॲप, २०२५ ला परत कागद. मतदार चारशेच्या आसपास, जागा अकरा, आणि घटनेत मोघम एवढंच की निवडणूक 'गुप्त मतदानाने' घ्यावी. तुमची संस्था साधारण याच मापाची असेल तर माझा अनुभव उपयोगी पडावा. गृहनिर्माण सोसायट्यांचे नियम वेगळे, त्यांनी आधी निबंधकांच्या कार्यालयात विचारावं.

ॲपचं श्रेय ॲपला द्यायला हवं. २०२२ ला पुण्यात मुलाकडे राहायला गेलेल्या आजीव सभासदांनी घरबसल्या मत दिलं, टोरांटोला लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या एका बाईंनीही दिलं. सहाला मतदान संपलं आणि चहा गार व्हायच्या आत निकाल हातात. बाद मत एकही नाही, कारण अकरा नावं निवडून झाली की बाराव्यावर बोट टेकवूच देत नाही. कागदावर हीच मोठी डोकेदुखी. बारा फुल्या मारल्या की अख्खी मतपत्रिका बाद. २०१९ ला एकाने सतराच्या सतरा नावांपुढे शिक्के मारून खाली लिहिलं होतं, 'सगळेच चांगले आहेत'. त्या रात्री मोजणी उरकायला साडेअकरा वाजले आणि वडापावचं बिल कुणी द्यायचं यावर वेगळी चर्चा झाली.

ओटीपीचा त्रास होता, पण तो सगळ्यांना माहीतच आहे. आजोबांचा नंबर म्हणून नातवाचा नंबर दिलेला, म्हणजे मत आजोबांचं की नातवाचं, देव जाणे. त्यावरही मी गप्प बसलो असतो.

माझं मत फिरलं ते निकालानंतर दोन दिवसांनी. इतिवृत्ताला जोडायला मतदानाचा तपशील हवा होता. निवडणूक अधिकारी म्हणून माझ्याकडे ॲडमिनचा पासवर्ड होता. 'रिपोर्ट' लिहिलेलं बटण दाबलं, एक्सेलची फाईल उतरली, उघडली. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात सभासद क्रमांक, आणि पुढे त्याने निवडलेली अकरा नावं. ओळीने चारशे जणांची. मी फाईल बंद केली, पण डोळ्यांना काय, तेवढ्यात एक ओळ दिसून गेली. क्रमांक ओळखीचा होता. ज्या गृहस्थांनी एका उमेदवाराच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली होती, त्यांनी त्याच उमेदवाराला मत दिलं नव्हतं!

कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता. म्हणाला, "सर, ॲडमिनला दिसतं ते. तुम्ही बघू नका." म्हणजे गुप्त मतदानाची सगळी हमी काय, तर माझा सज्जनपणा. आणि मी समजा सज्जन असलो, तरी फाईल कंपनीकडे आहेच, आणि पासवर्ड माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडेही. ते सूचक आणि तो उमेदवार आजही संध्याकाळी वाचनालयात शेजारी बसून पेपर वाचतात, आणि मी नजर चुकवून दिवाळी अंकांच्या कपाटाकडे वळतो.

सगळी ऑनलाइन मतदानं अशीच असतात असं मी म्हणणार नाही. एस्टोनियात २००५ पासून लोक इंटरनेटवरून मत देतात, आणि तिथली कल्पना आपल्या टपाली मतदानासारखीच आहे: आतल्या पाकिटात मत, बाहेरच्यावर ओळख. मोजण्याआधी बाहेरचं पाकीट वेगळं करतात, तिथे संगणकावर हेच होतं. दबावाखाली मत दिलं असेल तर नंतर बदलताही येतं, शेवटचं मत धरतात. पण त्यामागे सरकारी डिजिटल ओळखपत्र आहे आणि अख्खी यंत्रणा आहे. आमच्यामागे एक नम्र मुलगा होता.

इथे कुणीतरी ईव्हीएमचा विषय काढतोच. माझ्या मते तो वाद वेगळा. ईव्हीएममध्ये तुमचं नाव शिरतच नाही. नाव केंद्रावरच्या नोंदवहीत, मत यंत्रात. भांडण आहे ते मोजणीवरच्या भरवशाचं. मत कुणाला गेलं ते छापून दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते, पण पडताळणीसाठी मोजतात त्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या. सगळ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. उलट जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तिथली मतदानयंत्रं घटनाबाह्य ठरवली. कारण साधं होतं: तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मतदानाचे आणि मोजणीचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत. नव्वद कोटींहून जास्त मतदारांच्या देशाला हा निकष कितपत परवडेल, ठाऊक नाही. चारशे सभासदांच्या वाचनालयाला मात्र आरामात परवडतो.

आता कागदही धुतल्या तांदळासारखा नाही, हे कबूल करतो. सरकारी मतपत्रिकेला स्थळप्रत असते, म्हणजे पत्रिका फाडून दिल्यावर पुस्तकात उरणारा तुकडा; दोन्हींवर एकच अनुक्रमांक, आणि स्थळप्रतीवर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहितात. म्हणजे कुणी दोन्ही गठ्ठे समोरासमोर ठेवून बसला तर कोणी कोणाला मत दिलं हे काढता येईल. पण त्यासाठी मोहोरबंद पाकिटं फोडावी लागतात, आणि ती न्यायालयाच्या आदेशाशिवाय फोडता येत नाहीत. चोरून फोडली तर फुटलेली लाख दिसते. माझ्या एक्सेलची लाख कुठे होती? मी ती फाईल रात्री दोनला पन्नास वेळा उघडली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

म्हणून २०२५ ला कागद, आणि २०१९ च्या चुका सुधारून. मतपत्रिकेवर क्रमांकच छापला नाही. क्रमांक फक्त स्थळप्रतीवर, मागे माझी सही. छापल्या किती, दिल्या किती, खराब किती, उरल्या किती, हा हिशेब फळ्यावर लिहून सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. रिकामी पेटी उलटी करून दाखवली, मगच लाख लावली. टेबलावर मोठ्या अक्षरांत 'अकरापेक्षा जास्त नको' अशी पाटी ठेवली, तरी काही पत्रिका बाद झाल्याच. आणि घडी! पूर्वी लोक आडवी घडी घालायचे आणि ओल्या शाईचा ठसा वरच्या नावासमोरून खालच्या नावासमोर उमटायचा. आधी उभी घडी घातली की ठसा त्याच नावाच्या ओळीत राहतो, मग आडवी घाला. हे दारातच एकेकाला समजावलं. मोजणी साडेनऊला संपली. एका उमेदवाराने फेरमोजणी मागितली, त्याच्यासमोर गठ्ठे सोडले, त्याने स्वतः मोजले, तेवढेच भरले. ॲपवर फेरमोजणी म्हणजे तेच बटण पुन्हा दाबायचं.

परगावच्या सभासदांचं मात्र नुकसान झालं, ते मान्य. टोरांटोच्या बाईंनी मेसेज करून झापलंसुद्धा. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी दोन पाकिटांची टपाली सोय करायचा विचार आहे. तुमचे निम्मे सभासद परगावी किंवा परदेशी असतील, तर माझं ऐकू नका, ॲपच घ्या. फक्त पैसे भरण्याआधी पाच जणांचं खोटं मतदान घ्या, ॲडमिन म्हणून आत शिरा आणि दिसेल ते प्रत्येक बटण दाबून प्रत्येक रिपोर्ट उतरवा. एकाही फाईलमध्ये सभासद क्रमांकाशेजारी उमेदवाराचं नाव दिसलं, तर चहा पाजून माणसाला परत पाठवा.

आणि कागदाकडे वळलात तर पेटी विकत घेऊ नका. आमची कपाटावर पडून असते, घेऊन जा. कडी जरा घट्ट आहे.