सरसकट बंदी की नियमन?

भारताने सप्टेंबर 2019 मध्ये अध्यादेश काढून ई-सिगारेटवर सरसकट बंदी घातली, डिसेंबरात कायदा केला. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. (विडी-सिगारेट मात्र टपरीवर राजरोस मिळते, ही गंमत आहेच.)

अमेरिकेने बंदीऐवजी नियमन निवडलं. त्याच डिसेंबरात खरेदीचं वय 21 केलं. जानेवारी 2020 मध्ये फळांच्या, पुदिन्याच्या चवीच्या कार्ट्रिजवर (ई-सिगारेटमध्ये बसवायच्या, द्रव भरलेल्या कुप्यांवर) टाच आणली, पण वापरून फेकायची उपकरणं त्यातून सुटली. मग काय, पेनड्राइव्हसारखं दिसणारं, लॅपटॉपला लावून चार्ज होणारं कार्ट्रिजचं यंत्र सोडून पोरं या वापरून फेकायच्या रंगीत नळ्यांकडे वळली.

हे कळलं तिथल्या शाळकरी मुलांच्या दरवर्षीच्या सर्वेक्षणामुळे. हायस्कूलमध्ये व्हेपिंगचं, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याचं, प्रमाण 2019 मध्ये 27.5 टक्के होतं, 2024 मध्ये 7.8 टक्क्यांवर आलं. आपल्याकडे 13 ते 15 वयोगटाचं देशव्यापी तंबाखू सर्वेक्षण 2019 मध्ये झालं, पण ते दरवर्षी होत नाही. कायदा आपला कडक. बंदीनंतर दप्तरात काय सापडतं याची मोजदाद मात्र अमेरिकेने शिकवावी अशी.